हिरव्या चौकटीची साक्ष

"मी सही करणार नाही."

दार उघडताच त्या मुलीनं हे वाक्य टाकलं. आधी नाव नाही, गाव नाही. तिच्या रेनकोटातून पाणी निथळत होतं, आणि आर्वे नेसेटनं नुकतीच पुसलेली लाकडी जमीन पुन्हा ओली होत होती.

"कशावर?" बोर्गहिल्ड सुंदेनं खुर्ची पुढे सरकवत विचारलं.

"खोट्यावर."

"मग बसा. आर्वे, कॉफी टाक."

बोर्गहिल्डनं अर्धं आयुष्य विमा कंपनीसाठी रुग्णालयातल्या चुका शोधण्यात घालवलं होतं. आता ती होल्मेविक या किनाऱ्यावरच्या गावात स्वतःची खासगी तपास कचेरी चालवायची. आर्वे पूर्वी बस चालवायचा. पाठ गेली, बस गेली, तेव्हापासून तो बोर्गहिल्डची गाडी चालवायचा, कॉफी करायचा आणि चुकीचे प्रश्न विचारायचा. त्या प्रश्नांचा मला फार उपयोग होतो, असं ती म्हणायची. हे कौतुक की टोमणा, हे आर्वेला अजून कळलं नव्हतं.

मुलीचं नाव तुवा हेग्लान. गावातल्या रुग्णालयात ती पोटविकारांची शिकाऊ डॉक्टर होती. दुर्बिणीनं मोठं आतडं तपासायचं, म्हणजे कोलोनोस्कोपी करायची, हे ती दोन वर्षं शिकत होती. आतड्यात कुठे कोंब वाढलेला दिसला, ज्याला पॉलिप म्हणतात, तर तो तिथल्या तिथे काढायचा. म्हणजे पुढे त्याचा कॅन्सर होत नाही.

"आमच्याकडे मदतीला एआय यंत्र आहे," तुवा म्हणाली. "कॅमेऱ्याचं चित्र ते आमच्याबरोबर बघतं. कुठे काही संशयास्पद वाटलं की स्क्रीनवर हिरवी चौकट काढतं. शिकाऊ डॉक्टरांना त्याचा मोठा आधार असतो."

"आणि झालं काय?"

"वसंतात मी ओद्वार स्टोक्के यांना तपासलं. फेरीबोटीचे कप्तान. एक छोटा पॉलिप काढला आणि बाकी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. आता त्यांच्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ निघालीय. कॅन्सरची." तिनं कप हातात घेतला, पण प्यायली नाही. "रेकॉर्डिंग काढून बघितलं, तर त्यात नेमकी तिथेच हिरवी चौकट दिसते. आणि मी पुढे निघून गेलेय."

"सही कशावर मागतायत?"

"'यंत्रानं दाखवलेल्या खुणेकडे मी दुर्लक्ष केलं', असं लिहून द्यायचं. मग प्रकरण मिटलं. परवाना राहील, दुसऱ्या गावी जाऊन शिक्षण पुरं करता येईल. शुक्रवारी बैठक आहे."

"सोय चांगली आहे की," आर्वे म्हणाला.

तुवानं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं बिस्किटांची बशी पुढे केली.

"ती गाठ मला दिसली नाही," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "ती चूक माझी. कुठेही लिहून देईन. पण दिसलं आणि सोडून दिलं, असं नाही झालेलं. चौकट आली नव्हती."

"रेकॉर्डिंगमध्ये आहे ना?"

"आहे."

"तरीही?"

"तरीही आली नव्हती. यंत्राचा दिवा चालू होता, सगळं नेहमीसारखं होतं. त्या दिवशी स्क्रीन शांत होती, एवढं आठवतं. आतडं छान साफ आहे, म्हणून मी खूश होते."

ती गेल्यावर आर्वे म्हणाला, "बिचारी. स्वतःशीच खोटं बोलतेय."

"असेलही," बोर्गहिल्ड म्हणाली. "पण खोटं बोलणारा माणूस सहसा आपल्या सोयीचं खोटं बोलतो. हिला सोयीचं काय, ते कागदावर लिहून तयार होतं. सही केली की सुटली. तिनं ते नाकारलंय."

दुपारी दोघांनी तुवानं दिलेलं रेकॉर्डिंग बघितलं. आर्वेनं तपकिरी चीज लावलेला पाव डब्यातून काढला होता, तो पहिल्याच मिनिटाला परत ठेवला.

"दुर्बीण आधी पार टोकापर्यंत नेतात," बोर्गहिल्ड म्हणाली, "आणि बाहेर काढताना नीट बघत येतात. म्हणजे खरी तपासणी परतीच्या वाटेवर होते. आता बघ."

गुलाबी, ओलसर बोगदा हळूहळू मागे सरकत होता. मध्येच एखाद्या बुडबुड्यावर हिरवी चौकट लुकलुकायची आणि विझायची. कधी खाण्यातून आलेल्या एखाद्या बीवर, कधी नुसत्या ओल्या चकाकीवर. मग उजव्या बाजूच्या एका घडीवर फिकट, चपटा डाग आला. चौकट त्याच्यावर बसली, दोनेक श्वास टिकली. कॅमेरा त्याच संथ चालीनं मागे सरकला. पुढे पुन्हा बुडबुडे, पुन्हा चौकटी. शेवटी डाव्या वळणावर एका घडीमागून पॉलिपचं टोक डोकावलं. चौकट चटकन त्याच्याभोवती बसली. कॅमेरा थांबला, वळला, तारेचा फास पुढे आला आणि पॉलिप निघाला.

"स्पष्ट आहे," आर्वे म्हणाला. "छोटा घेतला, मोठा सोडला."

"यंत्र बडबडं आहे फार," बोर्गहिल्ड एवढंच म्हणाली.

ओद्वार स्टोक्के घरामागच्या होडीच्या शेडमध्ये भेटले. शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात होती, तरी हातात रंगाचा ब्रश होता.

"त्या पोरीनं पाठवलं तुम्हाला?" ते गुरगुरले. "सांगा तिला, माझ्या बोटीवर रडारनं धोका दाखवला आणि मी बघितलं नाही, तर मला कोण सोडेल? यंत्र ओरडत होतं आणि ही बहिरी!"

"तुम्ही शुद्धीत होतात?"

"पूर्ण. इथे कोण झोपवतंय? समोरच स्क्रीन होती, डॉक्टरची तीच माझी. तीस वर्षं रडारकडे बघून काढलीत, स्क्रीनवरची नजर हलत नाही माझी." ते पहिल्यांदाच जरासे हसले. "आधीच्या महिन्यात बायकोची तपासणी झाली होती. म्हणाली, ओद्वार, घाबरू नकोस, अगदी व्हिडिओ गेमसारखं असतं, वेळ मजेत जातो. कसली मजा! नुसतं गुलाबी गटार. डुलकी लागायची वेळ आली. पॉलिप काढला तेवढाच काय तो तमाशा."

"तुमचं रेकॉर्डिंग तिनं आम्हाला दाखवलं, चालेल ना? आणि शुक्रवारी त्यावर तुमच्यासमोर बोललं तर?"

"बोला. मीही येणारच आहे. तिच्या तोंडावर सांगायचंय मला."

रुग्णालयात परिचारिका ओस्लाउग तपासणीच्या खोलीत पलंगावर कागद अंथरत होती. तुवाचं नाव काढताच तिनं डोळे फिरवले.

"चांगली आहे हो, पण जीव नकोसा करते. चौकट दिसली की थांबलीच. बुडबुडा असो, टोमॅटोची बी असो, पाणी मारणार, धुणार, पुन्हा बघणार. सगळे तिला बुडबुडा डॉक्टर म्हणतात. ती पाण्याची बाटली भरून भरून माझे हात दुखतात."

"कप्तानांच्या दिवशीही?"

"तेव्हा नाही. तेव्हा शहाण्यासारखी वागली. एक बाटली पुरून उरली आणि आम्ही वेळेआधी मोकळ्या झालो. मी म्हटलंही, आज सुधारलीस गं बाई!" मग तिचा चेहरा पडला. "आता वाटतं, त्याच दिवशी नको होतं सुधारायला."

"मागे कोण बसलं होतं?"

"डॉक्टर ब्रुआसेट. शिकाऊ असला की वरिष्ठ मागच्या टेबलावर त्यांच्या स्क्रीनसमोर बसतात. पण दुर्बीण टोकाला पोहोचली आणि शेजारच्या खोलीत एका पेशंटला रक्तस्राव सुरू झाला. ते धावले. परत आले तेव्हा तुवा डाव्या वळणावर होती."

यंत्र बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर ट्रुल्स त्या आठवड्यात रुग्णालयातच मुक्कामाला होता. तरुण, चटपटीत, आणि घाबरलेला.

"यंत्र चालू होतं. त्यानं गाठ पकडली. आमची बाजू स्वच्छ आहे," तो एका दमात म्हणाला.

"यंत्र एकच, स्क्रीन दोन?" बोर्गहिल्डनं विचारलं.

"हो. पुढची डॉक्टरची, मागची वरिष्ठांची. रेकॉर्डिंग मागच्या स्क्रीनचं होतं. प्रत्येकाला आपापल्या डोळ्यांना सोसेल तशी स्क्रीन लावता येते. उजेड, रंग, अक्षरांचा आकार, खुणा, सगळं. मागच्या टेबलावरूनच होतं ते, वरिष्ठांच्या पासवर्डनं. नाहीतर जो येईल तो बटणं दाबत बसेल."

बाहेर आल्यावर आर्वेनं बोर्गहिल्डचा दंड धरला. "सापडला! यानंच नंतर रेकॉर्डिंगमध्ये चौकट घुसवली. यंत्र चुकलं असतं तर कंपनी बुडाली असती. म्हणून आळ पोरीवर."

"वा! आज विचार केलास." बोर्गहिल्ड जिना उतरत राहिली. "मग त्यानं बुडबुड्यांवर चौकटी कशाला घुसवल्या? टोमॅटोच्या बीवर? खोटं रेकॉर्डिंग बनवणारा आपल्याच यंत्राची फजिती कशाला करून घेईल?"

आर्वेनं दंड सोडला.

डॉक्टर टोर्लाइफ ब्रुआसेट उंच, सडपातळ, पांढऱ्या दाढीचे होते. त्यांनी दोघांना आपल्या हातानं कॉफी ओतून दिली.

"खरं सांगू? मला हे यंत्र आवडत नाही," ते म्हणाले. "मुलं चौकटीची वाट बघत बसतात. चौकट नाही तर नजरही नाही. हे मी परिषदांमध्ये बोलतो, लोक मला म्हातारा म्हणतात."

"पण इथे तर चौकट होती आणि तरी चुकलं."

"थकवा असेल. घाई असेल." त्यांनी सुस्कारा टाकला. "मला फार वाईट वाटतं. मी त्या वेळी खोलीत असतो तर... पण शेजारी माणूस मरत होता. आणि मुलगी वाईट नाही हो. त्याच तपासणीत डाव्या वळणावरचा पॉलिप, घडीमागे लपलेला, तिनं स्वतःच्या नजरेनं टिपला. मी नुकताच परत येऊन बसलो होतो. मनात म्हटलं, शाबास! हे मी शुक्रवारच्या बैठकीतही सांगणार आहे."

"सज्जन माणूस," गाडीत बसल्यावर आर्वे म्हणाला. "एवढं होऊनही तिची बाजू घेतो."

बोर्गहिल्डनं पट्टा लावला आणि हसली. "त्यानं तिची बाजू घेतली म्हणूनच तो सापडला, आर्वे. चल, आधी तुवाकडे."

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत लांब टेबलाभोवती सगळे बसले होते. संचालिका वेंके मोएन मधोमध. एका बाजूला ब्रुआसेट आणि ट्रुल्स. दुसऱ्या बाजूला तुवा, पाठ ताठ. ओस्लाउग दाराजवळ. ओद्वार टोपी न काढताच बसले होते. सहीचा कागद तुवासमोर होता, त्यावर पेनही ठेवलं होतं.

तुवानं पेन उचललं आणि संचालिकेच्या पुढ्यात परत ठेवलं.

"मी फार वेळ घेणार नाही," बोर्गहिल्ड उभी राहिली. "सगळे एकच चौकट बघत बसले, गाठीवरची. मी बाकीच्या बघितल्या. या तपासणीत यंत्रानं बुडबुड्यांवर, बियांवर, चकाकीवर सारख्या चौकटी काढल्यात. आणि डॉक्टर हेग्लान एकीलाही थांबलेल्या नाहीत. ओस्लाउग, ही मुलगी बुडबुड्यावर चौकट दिसली तर काय करते?"

"धुते," ओस्लाउग म्हणाली. "मरेपर्यंत धुते."

"त्या दिवशी पाण्याची बाटली उरली. एक चौकट सोडणारा माणूस निष्काळजी असू शकतो. पण जी मुलगी प्रत्येक चौकटीला थांबते, तीच एका दिवशी सगळ्याच चौकटी सोडते, तेव्हा ती निष्काळजी नसते. तिला चौकटी दिसतच नसतात."

ओस्लाउगचा हात तोंडावर गेला.

"स्क्रीन समोर होती!" संचालिका म्हणाल्या.

"होती. आणि त्याच स्क्रीनकडे आणखी एक माणूस टक लावून बघत होता. कप्तान, बायकोला व्हिडिओ गेमसारखं काय वाटलं होतं?"

ओद्वारनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग हळूच म्हणाले, "हिरव्या चौकटी. सारख्या उडत होत्या म्हणाली. नेम धरल्यासारख्या." त्यांनी टोपी काढली. "माझ्या वेळी एकही नव्हती. देवाशपथ, एकही नव्हती."

"तुम्ही तक्रारदार आहात, आणि ही साक्ष तिच्या बाजूची आहे, म्हणून ती मला जास्त मोलाची वाटते. आता ट्रुल्स. रेकॉर्डिंग मागच्या स्क्रीनचं. मागे खुणा चालू ठेवून पुढच्या स्क्रीनवरच्या बंद करता येतात?"

ट्रुल्स पांढरा पडला. "येतात. पण कोणी करत नाही. त्याला वरिष्ठांचा पासवर्ड..."

तो थांबला. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"हा निव्वळ तर्क आहे," ब्रुआसेट म्हणाले.

"तर्क तुम्हीच पुरवलात, डॉक्टर. डाव्या वळणावरचा पॉलिप तिनं स्वतःच्या नजरेनं टिपला, असं म्हणालात. तुम्ही तेव्हा मागे बसला होतात. तुमच्या स्क्रीनवर पॉलिपभोवती चौकट होती, रेकॉर्डिंगमध्ये ती सगळ्यांना दिसते. ते बघणारा कोणीही म्हणेल, यंत्रानं दाखवला आणि तिनं काढला. त्याचं श्रेय तिच्या नजरेला एकच माणूस देऊ शकतो. ज्याला ठाऊक होतं, की तिच्या स्क्रीनवर चौकट नाही."

बोर्गहिल्डनं ट्रुल्सकडे बघून मान हलवली. त्यानं लॅपटॉप उघडला, यंत्राच्या नोंदींमध्ये शोधलं आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "पुढच्या स्क्रीनच्या खुणा बंद. त्या दिवशी. आणखीही काही दिवस. दर वेळी पुढे हेग्लानच होत्या."

ब्रुआसेट उठून उभे राहिले. त्यांच्या आवाजात लाज नव्हती, ताठा होता.

"हो, केलं! आणि काय चूक होतं त्यात? यंत्रावर वाढलेल्या डॉक्टरला यंत्राशिवाय किती दिसतं, हे कोणीतरी तपासायला नको? आधी सांगून केलं असतं तर ती सावध झाली असती. आणि मी मागे बसलेलो असायचो. माझ्या स्क्रीनवर चौकट असायची. तिचं चुकलं की मी थांबवणार होतो. एकाही पेशंटला धोका नव्हता!"

"तुम्ही उठून गेलात," तुवा पहिल्यांदाच बोलली.

"शेजारी माणसाचा जीव जात होता!"

"जायलाच हवं होतं. मीही गेले असते. पण जाताना एक बटण दाबायचं राहिलं. आणि परत आल्यावर एक वाक्य बोलायचं राहिलं." तिचा आवाज वाढला नाही, पण खोलीतल्या प्रत्येकापर्यंत पोहोचला. "'तुवा, पुन्हा टोकापर्यंत जा आणि बघत ये.' एवढंच. मी लगेच गेले असते. तुम्ही शाबासकी मनात ठेवलीत आणि हेही मनातच ठेवलंत."

ब्रुआसेट काही म्हणणार होते. त्यांनी ओद्वारकडे बघितलं आणि खाली बसले. "मला वाटलं," ते पुटपुटले, "तेवढ्या वेळात काय असणार आहे."

"मी होतो," ओद्वार म्हणाले.

संचालिकेनं सहीचा कागद उचलून फाईलमध्ये सरकवला. "डॉक्टर हेग्लान, तुमच्यावरचा आरोप मागे घेतला असं समजा. सोमवारपासून कामावर या. डॉक्टर ब्रुआसेट यांच्याबद्दल काय ते आम्ही आतल्या आत बघू. मला वाटतं, सगळ्यांच्याच हिताचं..."

"नाही," तुवा म्हणाली.

आर्वेला वाटलं, आता हिला आणखी काय हवंय? जिंकली की!

"ट्रुल्स म्हणाला, आणखीही काही दिवस. त्या दिवशीची माणसंही मीच तपासलीत. सगळं ठीक आहे म्हणून घरी पाठवलंय. डॉक्टर ब्रुआसेट तेव्हा सगळा वेळ मागे होते की नव्हते, हे त्यांना तरी आता खात्रीनं सांगता येईल? त्या सगळ्यांना परत बोलवा. खरं कारण सांगून."

"तुमच्या लक्षात येतंय का?" संचालिका म्हणाल्या. "तुमच्याच आणखी चुका बाहेर येतील. आता कुठे सुटताय तुम्ही!"

"मी सुटायला नव्हते आले. दुसऱ्याची चूक माझ्या नावावर नको म्हणाले होते. माझी आहे ती द्या माझ्या नावावर, सगळी द्या."

"आधी वकिलांशी बोलावं लागेल. काही आठवडे..."

"काही आठवडे?" ओद्वार टेबलावर हात टेकून उठले. "बाई, माझ्या पोटात ही गाठ वसंतापासून बसलीय. तुम्ही आज फोन केले नाहीत, तर मी उद्या सकाळच्या फेरीच्या भोंग्यावरून सांगीन. पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत ऐकू जातो तो." मग ते तुवाकडे वळले. "माझी गाठ तुझ्या नजरेतून सुटली."

"हो," तुवा म्हणाली. तिनं नजर खाली घातली नाही.

"हं." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "या खोलीत तेवढं सरळ तूच बोललीस. पुढच्या आठवड्यात पोट फाडून घेतो. वर्षानं पुन्हा तपासणी लागेल, तेव्हा तूच करायचीस. आणि स्क्रीनवर चौकट आहे की नाही, ते मी आधी बघणार."

संचालिकेनं टेबलावरचा फोन तुवाच्या दिशेनं सरकवला. ओस्लाउग नावं काढायला धावली.

ब्रुआसेट दाराशी घोटाळले. "तुवा, मी करू का फोन? माझंच..."

"तुमचे तुम्ही करा," ती म्हणाली. "माझ्यानंतर."

आर्वे कोट घालून उभा होता, पण त्याचा पाय निघेना. बोर्गहिल्डही थांबली होती. ओस्लाउगनं आणलेल्या यादीतला पहिला नंबर तुवानं फिरवला. पलीकडे रिंग गेली, कोणीतरी फोन उचलला. कुत्रा भुंकल्याचा आवाज आला, एक बाई त्याला दटावत होती.

"नमस्कार. मी डॉक्टर तुवा हेग्लान. उन्हाळ्यात मी तुमची तपासणी केली होती आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं." तिनं श्वास घेतला. "ते मी इतक्या खात्रीनं सांगायला नको होतं. तुम्हाला पुन्हा यावं लागेल. का, ते सांगते, आणि त्यातलं काहीही लपवणार नाही. हो, चूक माझीही असू शकते. म्हणून तर फोन मी करतेय."